राखीव

संघात तिघं. मी चौथा, राखीव.
कुणाला ताप आला तर मी.
त्या वर्षी कुणालाच ताप आला नाही.

जुलैत सुरुवात झाली, शाळा सुटल्यावर,
लॅबमधल्या कुजक्या अंड्यांच्या वासात.
अर्सलाननं दालबाजारातल्या अब्बांच्या दुकानातून
दारावरच्या तीन बेल आणल्या,
फळीवर ठोकल्या, बझर म्हणून.
मधली एकदा दाबली की थांबायची नाही,
तिच्यावर वही आपटावी लागे.
भदौरिया सर खुर्चीवर उलटे बसून प्रश्न विचारत,
चुकलं की म्हणत, "गलत. पर सुंदर गलत."

वही माझ्याकडे.
हर्षिता: राजधान्या, नद्या, तह, सनावळ्या.
अर्सलान: विजेवर चालतं ते सगळं.
शर्वाणी शितोळे: उरलेलं,
म्हणजे झाडं, पक्षी, हाडं,
आणि कुणीच न वाचलेल्या तळटीपा.
ती नि मी जीवाजीगंजच्या एकाच गल्लीतले.
शाळेत आमची हिंदी इतरांइतकीच सफाईदार,
मराठी फक्त डबा उघडताना:
"थालीपीठ?"
"हो."
"अर्धं दे."

ऑगस्टात जिल्हा जिंकलो.
डिसेंबरात मुरैना. बसच्या खिडकीला काच नव्हती.
येताना सरांनी स्वतःच्या पैशांनी गजक घेतली,
आणि हर्षिता दातांतले तीळ जिभेनं काढत
ग्वाल्हेर येईतो सरोवरांची नावं म्हणत राहिली.
मी लिहिलं: ११५ – ८०.
खाली: गजक, पाव किलो.

घरी आई म्हणाली, "आणि तू काय केलंस?"
"गुण लिहिले."
"बरं," ती म्हणाली, आणि गॅस बारीक केला.

भोपाळ, जानेवारी, उपांत्य फेरी.
प्रेक्षकांनी बोलायचं नाही,
बोललात तर तुमचाच संघ बाद.
शेवटून दुसरा प्रश्न:
नदीकाठच्या मातीत बोगदा खणून घरटं करतो,
पाण्यात सूर मारतो, निळे पंख, लांब चोच...
शर्वाणीचा हात सगळ्यांच्या आधी.
आणि तिच्या तोंडून आलं,
"खंड्या."

तिला दुसरा शब्द येत होता. तिसराही.
पण तो पक्षी तिनं तिघऱ्याच्या धरणावर पाहिलेला,
काकाच्या स्कूटरवर मागे बसून,
आणि पहिल्यांदा पाहिलेलं काहीही
पहिल्या हाकेलाच ओ देतं.

"क्या?" निवेदकानं विचारलं.
"खंड्या," पुन्हा, जरा हळू.
त्याच्या कागदावर तो शब्द नव्हता.
"गलत."

तीनशे माणसांच्या त्या सभागृहात
उत्तर बरोबर आहे हे दोघांना ठाऊक होतं.
एक मंचावर होती.
दुसऱ्याच्या हातात पेन होतं.

मी उभा राहिलो नाही.
नियम होता, हे खरं.
नियम नसता तर राहिलो असतो का,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं कळेना.

बरोबरला अधिक दहा, चुकीला उणे पाच.
आम्ही दहांनी हरलो.
हे गणित मी विदिशा येईपर्यंत चारदा केलं.
बीनाला सरांनी चहा आणला.
सुंदर गलत, असं काही ते म्हणाले नाहीत,
नुसते कुल्हडाच्या काठावरून बोट फिरवत बसले.

झाशी गेल्यावर शर्वाणी वरच्या बर्थवरून वाकली
आणि सगळ्यांच्या देखत, मराठीत म्हणाली,
"तुला तर माहीत होतं ना?"
"हो."
"मग ठीक."
आणि कूस बदलून झोपली.
मला डबऱ्यापर्यंत झोप नाही.

फेब्रुवारीत बेल दुकानात परत गेल्या.
मधलीही विकली गेली, अर्सलान सांगतो.
असेल कुणाच्या तरी दारावर,
एकदा दाबली की
थांबत नसेल.